५८,००० पांढऱ्या पेशी

पावसाळ्यात गोव्यातल्या शेतकऱ्याला ताप आला की आम्हा लॅबवाल्यांच्या मनात आधी उंदरांमुळे पसरणारा लेप्टो येतो. डिचोलीच्या या काकांचं रक्त म्हापशाला आमच्याकडे आलं तेही त्याच शंकेनं. लेप्टो नव्हता, डेंग्यू नव्हता, कल्चरमध्येही जंतू वाढले नाहीत. पांढऱ्या पेशी मात्र ५८,०००! एरवी ११,००० च्या वर गेल्या तरी आम्ही भुवया उंचावतो.

मी स्वतः स्लाइड पाहिली. न्यूट्रोफिल या एकाच प्रकारच्या पांढऱ्या पेशींची गर्दी, मधूनमधून हाडांच्या मज्जेतून अर्धवट वाढीतच बाहेर पडलेल्या पेशी. रक्ताच्या कॅन्सरची शंका आणणाऱ्या खुणा नव्हत्या: ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळी पेशी एकही नाही, बेसोफिल हा दुसरा प्रकारही वाढलेला नाही. पुढे बीसीआर-एबीएल ही रक्ताच्या एका कॅन्सरची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह आली. मग कारण दुसरीकडे असावं म्हणून मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून छातीचा सीटी करायला सुचवलं. उजव्या फुफ्फुसात मोठी गाठ निघाली.

रिपोर्ट न्यायला आलेल्या मुलानं विचारलं, "मॅडम, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक ना? एवढे सैनिक असताना बाबांना हे कसं झालं?"

त्याला बसवून घेतलं. काही गाठी जी-सीएसएफसारखी द्रव्यं सोडतात आणि मज्जेला पेशी काढायला लावतात. घाईत निघालेल्या त्या पेशींतल्या काही उलट गाठीलाच सांभाळतात. त्यांच्यातलं आर्जिनेज हे एन्झाइम आजूबाजूचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतं. ते नसेल तर कॅन्सरवर तुटून पडणाऱ्या टी-पेशींची वाढच थांबते. वर यांतल्या काही पेशी टी-पेशींना दाबणारं नायट्रिक ऑक्साइड सोडतात ते वेगळंच. गाठीला सांभाळणाऱ्या या पेशींना एमडीएससी (मायलॉइड-डिराइव्हड सप्रेसर सेल्स) हे नाव २००७ मध्ये सुचवलं गेलं. रक्त फिकॉल नावाच्या दाट द्रवावर ठेवून मशीनमध्ये गरगर फिरवलं की नेहमीचे न्यूट्रोफिल लाल पेशींबरोबर तळाशी जातात, यांतल्या न्यूट्रोफिलसारख्या पेशी हलक्या असल्यानं वर लिंफोसाइटच्या थरात राहतात. माझ्या स्लाइडवर मात्र दोन्ही सारख्याच. म्हणून ५८,००० पैकी किती पेशी काकांच्या विरोधात होत्या, हे मी त्याला सांगू शकले नाही, आणि ते मला फार लागलं.

"या पेशींवर औषध?"

खास या पेशींसाठी मंजूर झालेलं औषध अजून नाही, चाचण्या चालू आहेत, असं खरं तेच सांगितलं. गाठ आटोक्यात आली तर हा पूरही ओसरू शकतो.

"मग आता?"

"आधी बायोप्सी. उद्याच बाबांना घेऊन बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जा." आकडा संसर्गाचा वाटत नाही, गाठीमुळे वाढलेला असावा, असं पत्र त्याच्यासमोरच लिहिलं आणि स्लाइडही सोबत दिली.