तुम्ही विचारलंत म्हणून: माझी नर्स प्रेमात का पडत नाही?

नागपुरात कुठेही बोलायला गेले, अगदी झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघातसुद्धा, तरी मागच्या रांगेतून हा प्रश्न येतोच: "कादंबरी मस्त जमली ताई, पण तुमची नर्स एवढी लढाईवर जाऊन आली, अन् एकाही अफसरावर जीव नाही जडला का जी?"

नाही जडला. वेळच नव्हता तिला.

ती नागपूरच्या मेयो रुग्णालयात शिकलेली, दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये आसामकडे निघालेली. ब्रह्मपुत्रेवर तेव्हा पूल नव्हता. आमिनगावला उतरायचं, फेरीबोटीने पांडूला जायचं आणि मग मीटरगेजच्या गाडीने दिमापूर. जपान्यांशी झालेल्या कोहिमाच्या लढाईतले जखमी तिथेच खाली यायचे. वॉर्ड गोळ्या लागलेल्यांनी भरलेला असणार, असं आपल्याला वाटतं. पण 1943 मध्ये एका जखमी जवानामागे 120 आजारी मागे पाठवावे लागत होते, हे त्या आघाडीवरच्या चौदाव्या आर्मीचा सेनापती जनरल स्लिम, खुद्द त्याने लिहून ठेवलंय. मलेरिया, हगवण, बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफसचा ताप. मलेरियासाठी मेपाक्रीनची गोळी. तिने कातडी पिवळी पडायची. त्यात पुरुषत्व जातं अशी आवई उठलेली, म्हणून जवान गोळी चुकवायला बघत. समोर उभं राहून गिळवावी लागे.

आणि पेनिसिलिन! नवं औषध, शरीरात टिकायचं नाही, म्हणून दर तीन तासांनी इंजेक्शन, रात्रीसुद्धा. काचेची सिरिंज उकळायची, बोथट सुई दगडावर घासायची, कंदील खाली ठेवून झोपलेल्याला कुशीवर वळवायचं, टोचायचं, की पुढची खाट. शेवटच्या खाटेपर्यंत पोचेस्तोवर पहिलीची वेळ झालेली. हे प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा खोडून लिहिलं. प्रश्न विचारणारे नेमकं तेच चाळून पुढे जातात, हे मला ठाऊक आहे.

दुसरं कारण जरा बोचरं आहे. मुलगी नर्स होणार म्हटल्यावर त्या काळच्या कितीतरी घरांत पहिली काळजी एकच: परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार, त्यांचं हागणं-मुतणं काढणार, हिला करून कोण घेणार? माझ्या नायिकेची आई तेच म्हणते. ऐंशी वर्षांनी माझे वाचकही तेच विचारून राहिले, फक्त गोड आवाजात. शिवाय 1943 च्या वटहुकमाने लष्करी नर्सला अफसराचा दर्जा मिळाला होता. खांद्यावर स्वतःचे तारे असलेल्या बाईच्या गळ्यात एखादा जखमी कॅप्टन कशाला बांधायचा?

खरी प्रेमकथा हवीच असेल तर आहे की. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत आपल्या नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीसांनी 1941 मध्ये ग्वो छिंगलानशी लग्न केलं आणि डिसेंबर 1942 मध्ये ते वारले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. ही बाई युद्धाच्या धामधुमीत नर्सिंग शिकवत होती. आपल्याकडे मात्र तिची ओळख 'कोटणीसांची बायको' इथेच संपते. तिच्यावर कधी लिहिलंच, तर माझी गोष्ट लग्नाच्या बरीच आधी, तिच्या वर्गात सुरू होईल.