तुम्ही विचारलंत म्हणून : चोरलच्या ओढ्यातला ‘ट्राउट’

पावसाळा सरला, की महू-पाताळपाणीकडे सहलीला जाऊन आलेली इंदूरची मंडळी मोबाइलवरचे छायाचित्र पुढे करून मला विचारतात, “हा ट्राउटच ना?” छायाचित्रात बहुधा चोरल नदीच्या एखाद्या ओढ्यातला, वीतभरही नसलेला, चंदेरी अंगाचा आणि कुशीवर काळसर उभे पट्टे असलेला मासा असतो. तो ट्राउट नव्हे. तो बॅरिलियस बेंडेलिसिस, म्हणजे रोहू-कटल्याच्या गोतातला.

घोटाळा नावाने केला आहे. इंग्रजीत या माशाला ‘हिल ट्राउट’ म्हणतात, आणि खऱ्या ट्राउटच्या पिल्लांच्या अंगावरही असेच पट्टे असतात, त्यामुळे पूर्वी मीसुद्धा फसलो आहे. आता मी पट्ट्यांकडे पाहतच नाही, पाठीकडे पाहतो. ट्राउटच्या पाठीवरचा पर आणि शेपूट यांच्यामध्ये आणखी एक इवलासा, काटे नसलेला मांसल पर असतो. आपल्या माशाची पाठ तिथे अगदी कोरी असते. काचेच्या बरणीत घेऊन भिंगातून पाहिले, तर त्याच्या तोंडाशी आखूड मिशांच्या दोन जोड्या दिसतात, ज्या ट्राउटला नसतात. शिवाय ट्राउटचे खवले इतके बारीक, की कुशीवरच्या एका ओळीत शंभराहून अधिक भरतात. इथे ते चाळिसाच्या आसपास असतात.

मासा हाती नसेल, तर पाणी पाहावे. गोट्यांवरून खळाळणाऱ्या उथळ धारेत प्रवाहाकडे तोंड करून हा मासा तरंगत राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो, इथपर्यंत त्याचे वागणे ट्राउटसारखेच आहे. पण मे महिन्यात धार तुटते, डोह तेवढे उरतात आणि तेही तापतात. ब्राउन ट्राउटला पाणी २० अंशांच्या वर गेले की जड जाऊ लागते. म्हणूनच १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून काश्मीरच्या थंड प्रवाहांत तो रुजला. माळव्याच्या उन्हाळ्यात तो तग धरणार नाही.

पुढच्या वेळी छायाचित्र वरून काढू नका. हात आधी ओले करा, मासा पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीत घ्या, बाजूने पाठीसकट टिपा आणि लगेच ओढ्यात सोडून द्या.