दाजी, ब्रेक नको! जानेवारीत साताऱ्याहून केलाँगला

बायकोनं तिळगुळाचा डबा आठ जानेवारीलाच हातात ठेवला. मी आणि तिचा भाऊ संक्रांतीला काही घरी येत नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. मेव्हण्याचा हट्ट एकच. बर्फ बघायचा नाही, बर्फात गाडी चालवायची, तीही हिमाचलात, मनालीच्या पलीकडं केलाँगपर्यंत. "दाजी, तुम्ही भर पावसात, धुक्यातनं आंबेनळी घाट उतरता. त्याच्यापुढं बर्फ म्हणजे काय?"

निघायच्या आधी मी एक प्रश्न मनाशी धरला होता. ज्यांना रोज बर्फात गाडी हाकावी लागते, त्यांना त्यात मजा येते का? पहिला गिऱ्हाईक मावसभाऊ, गेली काही वर्षं फिनलंडमध्ये टाम्परेला असतो. फोनवर तो हसलाच. म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात आली. आता सकाळी अंधारात काच खरवडायची म्हटलं की जिवावर येतं." तिथं लायसन्स काढताना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकणं सक्तीचं आहे, आणि थंडीत गाडीला हिवाळी टायर लागतात. साधारण सात अंशांखाली आपल्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. आपल्याकडं हे टायर सहजासहजी मिळत नाहीत, तेव्हा ही उणीव वेगानं भरून काढायची, म्हणजे वेग कमी ठेवून.

सातारा ते मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. बडोदा, जयपूर, चंडीगड असे मुक्काम केले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त निघण्याआधी गॅरेजमध्ये एक काम करून घ्या. आपल्याकडं रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी ओतलेलं असतं. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनच फोडू शकतं. सगळं काढून योग्य प्रमाणातलं कूलंट भरून घ्या. काचेवर फवारायच्या पाण्याचंही तेच. आमचं ते पाणी मनालीतच गोठलं आणि पुढं चार दिवस मेव्हणा खिडकीतून हात काढून फडक्यानं काच पुसत होता.

मनालीत टायरच्या चेन, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून चाकावर चढवायच्या साखळ्या, भाड्यानं मिळतात. घेतल्या तर तिथंच, उजेडात, कोरड्या रस्त्यावर एकदा चढवून बघा. आम्ही बघितलं, पहिल्या खेपेला पस्तीस मिनिटं लागली. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणून चेन पुढं. दुकानदार पोरगं मागच्या चाकांना लावायला निघालं होतं! चढवल्यावर शंभर मीटर जाऊन थांबायचं आणि परत आवळायच्या, कारण त्या हमखास सैल होतात. तीसच्या वर वेग न्यायचा नाही, आणि डांबर उघडं दिसलं की काढायच्या. लोकरीचे हातमोजे ओले होऊन निरुपयोगी ठरतात. आम्ही भांडी घासायचे रबरी मोजे आतल्या लोकरीवर चढवले. दिसायला भयंकर, पण बोटं वाचली.

बारा तारखेला ऊन होतं. रोहतांगची खिंड (३,९७८ मीटर) हिवाळाभर बंदच असते. सगळी वाहतूक खालून, अटल बोगद्यातून. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा, त्यामुळं मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरनं घटलं. मनालीहून केलाँग आता सत्तरेक किलोमीटर. आत रस्ता कोरडा, उजेड, थंडीही कमी. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलो आणि एकदम सगळं पांढरं. चंद्रा नदी काठाकडून गोठलेली, मधे काळी धार. मेव्हणा पाच मिनिटं काही बोलला नाही, यावरून काय ते समजा.

सिस्सू, मग तांदी. इथं चंद्रा आणि भागा एकत्र येतात, पुढं काश्मीरमध्ये हीच चिनाब. तांदीच्या पंपावर टाकी भरून घ्या, आणि शक्यतो रिकामी टाकी घेऊनच तिथं पोचा. कारण आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

केलाँगला घरगुती मुक्काम मिळाला. खोलीत मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. तिकडं तिला तंदूर म्हणतात. घरमालकानं गाडी लावताना दोन गोष्टी सांगितल्या. हँडब्रेक ओढू नका, रात्रीत गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. मी दोन्ही ऐकलं, पण टाकीत चंडीगडचं डिझेल होतं त्याचं काय करणार? मैदानातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत गढूळ होतं, त्यातलं मेण फिल्टरमध्ये बसतं. सकाळी स्टार्टर फिरतोय, इंजिन ढिम्म. शेवटी मालकाच्या बायकोनं पातेल्यात पाणी तापवून दिलं, त्यात भिजवलेलं फडकं फिल्टरला गुंडाळत बसलो. चौथ्या फडक्याला गाडी बोलली. (ते गरम पाणी काचेवरच्या बर्फावर ओतायचा मोह होतो. ओतू नका, काच तडकते.)

त्या दिवशी घराखालच्या मोकळ्या जागेत मी अर्धा तास गाडी घसरवत बसलो. वीसच्या वेगानं जायचं, ब्रेक दाबायचा, काय होतं ते बघायचं. आजूबाजूला काही नाही, दरी नाही, माणूस नाही. खोटं कशाला बोलू, शाळेच्या मैदानात चिखलात लोळल्यासारखी मजा आली. आणि शिकलोही. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली की चाक जागीच फिरत नाही. वळताना गाडी सरळच चालली तर स्टिअरिंग आणखी पिळायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, चाक जरा सरळ करायचं, पकड आली की मग वळवायचं. पावसात टायर रस्त्यावर आवाज करतो, तो आवाज बदलला की आपल्याला कळतं. बर्फात आवाजच नसतो. गाडी सुटली हे कानाला नाही, बुडाला कळतं.

चौदाला परत निघायचं होतं. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिमालयात हिवाळी बर्फ आणणारं वादळ, येतोय असा अंदाज होता, आणि मालक म्हणाला, सकाळीच निघा. आम्ही नाश्त्यात, फोटोत दीड तास घालवला. बोगद्यात शिरताना आकाश नुसतं राखाडी होतं. नऊ किलोमीटरनंतर मनालीच्या बाजूला बाहेर आलो तर बर्फ पडत होता, मोठा, सावकाश.

चेन डिकीत होत्या. मला वाटलं, खाली धुंदी म्हणून ठिकाण आहे, त्याच्या पुढं बघू.

डोंगराच्या सावलीतलं एक वळण होतं. रस्ता ओला दिसत होता, काळा, जरासा चमकणारा. तो ओला नव्हता. डांबरावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा होता, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. पुलांवर आणि सावलीत हा आधी धरतो आणि उशिरा जातो. गाडी जेमतेम पंचवीसवर. मी ब्रेकला पाय लावला आणि पॅडल पायाखाली खडखडायला लागलं, ते एबीएस, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जणू खाली चाकंच नाहीत. "दाजी, ब्रेक नको! ब्रेक नको!" मेव्हणा ओरडला, आणि त्याचं बरोबर होतं. पाय उचलला. गाडी शांतपणे, कुठलीही घाई न करता, तिरकी होत गेली आणि डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. दुसऱ्या अंगाला गेली असती तर हे लिहायला मी नसतो.

मागून येणाऱ्या टॅक्सीवाल्यानं बऱ्याच अंतरावर थांबून, चालत येऊन आधी माझ्याकडं बघितलं, मग डिकीकडं. "चेन है?" "है." "तो डिकी को क्यों पहनाई है?" यावर काय बोलणार. त्यानं चाकाखाली जुनं पोतं सरकवलं, आम्ही ढकललं, गाडी निघाली. मग त्याच्याच देखरेखीखाली चेन चढवल्या, तेरा मिनिटांत. उतारावर दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि पुढच्या गाडीचं वळण संपल्याशिवाय आपण ते सुरू करायचं नाही, एवढं त्यानं बजावलं. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त घसरवतो, हेही त्यालाच विचारून समजलं. म्हणजे केलाँगच्या उणे बारात जे जमलं ते इथं जमेल असं नाही.

मनालीच्या अलीकडं, सोलंगच्या वर वाहनांची रांग थिजली होती. डिसेंबर २०२४ मध्ये याच टप्प्यात जवळपास हजार गाड्या अडकल्या होत्या. बर्फ पडायला लागला की पोलीस खालीच अडवतात, फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात; हुज्जत घालू नका. परवानगी रोहतांगला लागते, बोगद्याला नाही, पण त्या दिवशी रस्ता चालू आहे का हे बोगद्यापलीकडच्या लाहौल भागातल्या पोलिसांच्या सूचनांमध्ये सकाळी बघून घ्या. सिस्सूहून दुपारी दोनच्या आत निघा आणि सकाळी ऊन रस्त्यावर उतरल्याशिवाय निघू नका. जानेवारीच्या उत्तरार्धात देवाच्या उत्सवासाठी लाहौलमधल्या काही पंचायती पर्यटन बंद ठेवतात, तेही आधी विचारा. गाडीत ब्लँकेट, फावडं, दोर, पाणी, खायला काहीतरी. आणि अडकलात तर हीटर लावून काचा बंद करून झोपू नका. बर्फानं सायलेन्सर बुजला की धुरातला विषारी वायू आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला गाड्यांत अडकून वीसहून जास्त माणसं गेली, त्यातल्या काहींचा जीव या वायूनं घेतला. दर थोड्या वेळानं उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच बोटभर उघडी ठेवा.

आम्ही तिथं साडेचार तास होतो. टॅक्सीवालाही आमच्यामागंच. मेव्हण्यानं डबा उघडला, तिळगूळ नेऊन दिला आणि संक्रांतीचं सांगितलं. त्यांच्याकडंही आज सण होता, घरी खिचडी असणार म्हणाला. मग मी माझा प्रश्न काढला. इतकी वर्षं चालवताय, बर्फात मजा येते का?

त्यानं लाडू दाढेखाली फोडला, जरा विचार केला. "मजा सवारी को आता है, साहब. मुझे तो घर पहुँचके आता है." आणि थोड्या वेळानं, काच खाली करून, "एक और मिलेगा?"