इंजिन गरमच होत नव्हतं : थर्मोस्टॅटपर्यंत पोचेपर्यंतचा माझा अनुभव

डिसेंबरातली पुण्याची सकाळ. गाडी सुरू करून सहा-सात किलोमीटर झाले तरी मीटरवरचा निळा दिवा विझत नव्हता. १.२ लिटर पेट्रोल इंजिन, तापमानाचा काटा नाही, फक्त निळा (इंजिन गार) आणि लाल (जास्त तापलं) दिवा. ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलं होतं आणि हीटर कोमट. खंडाळ्याचा घाट उतरताना विझलेला निळा दिवा पुन्हा लागला, तेव्हा मात्र शोध घ्यायचं ठरवलं.

आधी कूलंटची, म्हणजे इंजिनात फिरून त्याची उष्णता रेडिएटरकडे नेणाऱ्या द्रवाची, पातळी पाहिली. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाहायचं, नुसत्या बाटलीवर विसंबायचं नाही. कूलंट कमी असेल तर त्याचं तापमान मोजणारा सेन्सर हवेत लटकतो आणि इंजिन तापलेलं असतानाही आकडा कमी दाखवतो. ही चूक इंजिनच्या जिवावर बेतते, म्हणून हे पहिलं. माझ्याकडे पातळी बरोबर होती.

मग सेन्सर. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. १६ आणि १७ अंश दिसलं. पण हे झालं गार टोकाचं. गरम टोकासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, धरला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन फार कमी आकडा दाखवते. म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि नेम त्याच्यावर धरला. स्कॅनर ७० म्हणाला, टेप ६७. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. स्कॅनरमध्ये पी०१२८ हा कोडही पेंडिंग होता, पण त्याचा अर्थ फक्त ‘कूलंट अपेक्षेइतकं तापत नाही’ एवढाच. तेवढ्यावर पार्ट विकत घ्यायचा नसतो.

खरं उत्तर गाडी चालवताना मिळालं. सिग्नलला उभी असताना ७९, ताशी ८० च्या वेगात ६२, पुन्हा उभी केली की हळूहळू वर. वाऱ्याबरोबर आकडा पडतो, याचा अर्थ गरज नसताना कूलंट रेडिएटरमधून फिरतंय. पंखा सतत फिरतो म्हणून इंजिन गार राहतं, असं बरेचजण समजतात. थर्मोस्टॅट नीट बंद होत असेल, तर पंखा कितीही फिरला तरी गार पाणी इंजिनात फारसं शिरतच नाही.

शेवटची खात्री हाताने. पहाटे गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवला (पंखा आणि पट्ट्यापासून बाही लांब). चांगल्या गाडीत तो बराच वेळ गार राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम तापतो. इथे दुसऱ्या मिनिटापासूनच कोमट होत गेला.

हाउसिंगचे दोन बोल्ट, १० चा पाना. खाली घमेलं ठेवून कूलंट काढलं. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू द्यायचं नाही. थर्मोस्टॅट काढून उजेडासमोर धरला, तर झडपेच्या कडेला चंद्रकोरीसारखी उजेडाची फट. बैठकीवर पांढुरक्या क्षाराची कपची अडकली होती. कधीतरी कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी भरलं गेल्याचा हा परिणाम.

कपची काढून तोच बसवण्याचा मोह टाळला, नवा घेतला. जुन्यावर कोरलेला ८२ चा आकडा जुळवूनच. बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवला, तळाला टेकू न देता. ८२-८३ ला हलायला लागला, ९५ पर्यंत पूर्ण उघडला. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ ला उकळतं, त्यामुळे ही चाचणी घरी होते.

बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला, नाहीतर हवा अडकते. रबर रिंग नवी. बोल्ट बेताने आवळायचे, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत.

गॅरेजमध्ये ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो काढून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो. गार इंजिनात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा पेट्रोल सोडत राहतो, ते पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफही उडून जात नाही. माझ्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास होता आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय. म्हणून ऑइल आणि फिल्टरही बदलले.

आता हायवेवर ८५ ते ९० अंश. झाकण पुसून ठेवलंय, आठवड्याने पुन्हा पाहिलं तर साय नाही. ती परत आली असती आणि कूलंटही घटत असतं, तर मग हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) तपासावं लागलं असतं.