सिंगापूरची नाइट सफारी: आधी पायवाटा, मग ट्राम

लातूर-नांदेडकडून निघणाऱ्या बऱ्याच सहलींत नाइट सफारी म्हणजे ट्रामची एक चक्कर. सुमारे ४० मिनिटांत उरकतं आणि बस परत हॉटेलकडे. एवढ्या लांब जाऊन पायवाटा न चालता परतणं हे फार मोठं नुकसान आहे.

मंदाई भागातलं हे प्राणिसंग्रहालय १९९४ साली सुरू झालं. फक्त रात्री बघण्यासाठी उभारलेलं जगातलं हे पहिलंच. विस्तार ३५ हेक्टर, म्हणजे साडेशहाऐंशी एकरांचं रान. दिवे चांदण्याइतके मंद ठेवलेत, त्यामुळं उजेडातून आत शिरल्यावर सुरुवातीला फारसं काही दिसत नाही. डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधारात बघणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. मधेच मोबाइल उजळला की ती तयारी मोडते. म्हणून फाटकापाशीच मोबाइलचा उजेड तळाला न्या आणि तो खिशात टाका. फ्लॅशला बंदीच आहे. चालत्या ट्राममधून फोटो हलतात. नाद सोडलेला बरा.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढा. फाटक ७:१५ला उघडतं आणि ट्रामची रांग तेव्हाच सगळ्यात लांब असते. त्या वेळात बिबट्याची पायवाट धरा, मग मासेमार मांजराची. दर ठिकाणी किमान पाच मिनिटं गप उभं राहा. अर्ध्या मिनिटात पुढं सरकणाऱ्यांनाच ‘पिंजरा रिकामा होता’ असं वाटतं. प्राणी असतो, फक्त हलल्याशिवाय दिसत नाही. तरस, अस्वल इथं नीट बघा. तरस आपल्या डोंगरांतही आहे, पण आपल्याला बहुधा त्याचा मागच दिसतो.

तिथले सव्वासात म्हणजे आपल्याकडचे पावणेपाच, त्यामुळं लेकरं लवकर पेंगत नाहीत. मात्र मुंबईहून रात्रीच्या विमानानं पोचलात तर त्याच दिवसाचं तिकीट नको.

आपला उन्हाळा कोरडा. तिथली हवा ओली. घामानं भिजलेले कपडे वाळतच नाहीत. पातळ कपडे, डासांचं मलम आणि हलका रेनकोट घ्या. छत्री अरुंद वाटेवर आडवी येते. विजा कडाडायला लागल्या तर पायवाटा बंद होऊ शकतात. म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या रात्रीवर हे ठेवू नका.

परतीला खतीब स्टेशनची मेट्रो सोयीची, पण ती रात्रभर चालत नाही. अकराच्या आत बाहेर पडा.