साखरेनं रक्त घट्ट होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

रक्तपेढीतून निवृत्त होऊन 7 वर्षं झाली, तरी लग्नात, तालमीच्या कट्ट्यावर, परवा तर गुऱ्हाळात काहिलीसमोर तोच प्रश्न: "साखरेनं रक्त घट्ट हुतंय म्हणं, खरं काय?" नाही हो. चहातली साखर पोटात फुटते, ती रक्तातल्या तांबड्या पेशी एकीला एक लावत नाही. मधुमेहाचं डॉक्टरांना विचारा.

पेशींची चळत लावते ती लांब साखळीची साखर, डेक्स्ट्रान. आपल्याला ती परकी नाही. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला की जंतू तीच बनवतात आणि रस बुळबुळीत होतो. तीच शुद्ध करून रक्तस्रावात शिरेतून द्यायचे. 40 हजार डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) साखळी चळती मोडते, 70 हजारांची लावते. ती डिंकासारखी चिकटते, असं मी नव्या पोरांना ठासून शिकवलं. आता तेवढं ठासून म्हणणार नाही. दुसरं मत असं, की पेशींमधल्या फटीत या साखळ्या मावतच नाहीत. बाहेर त्यांची गर्दी, आतलं पाणीही बाहेर ओढलं जातं आणि पेशी एकमेकींवर दाबल्या जातात. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत माणसं चिकटतात तशा. कुणी कुणाचा हात धरलेला नसतो.

पण हे सगळं मी वाचलं ते एका रात्रीमुळं. 1985 चा पावसाळा. खेड्यातून बाळंतीण आली, अंगावरून थांबत नव्हतं. वाटेत डेक्स्ट्रानची बाटली लावलेली, नमुना त्यानंतरचा, आणि फॉर्मवर बाटलीचा उल्लेख नाही. क्रॉसमॅच लावली, म्हणजे पिशवीतल्या पेशी तिच्या प्लाझ्मात, रक्तातल्या पातळ भागात, घालून बघितल्या. नळीत गुठळ्या. दुसरी पिशवी, तेच. तिसरी, तेच. खिडकीतून तिच्या दिराला म्हणालो, "जुळत नाही, दुसरीकडं बघा." तो भर पावसात मोटरसायकलवर गेला.

नियम पाळला मी. न जुळणारं रक्त दिलं असतं तर? पण मायक्रोस्कोप हातभर अंतरावर होता. तिच्याच पेशी तिच्याच प्लाझ्मात घालून बघितल्या असत्या तरी कळलं असतं, तिथंही गुठळ्या दिसल्या असत्या. ते सीनियर मॅडमनी केलं. काचपट्टीवर पेशी नाण्यांसारख्या एकीवर एक. मॅडमनी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, वरचा प्लाझ्मा काढून तेवढंच सलाईन घातलं, हलवलं. चळती सुटल्या. खरी गुठळी अशी सुटत नाही. पहिल्या पिशवीपासून रक्त जुळतच होतं. तोवर दोन तास गेले होते. दीर अजून परतला नव्हता.

बाई वाचली, गर्भपिशवी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, तशीही काढावी लागली असती. ते खरं असेल. मला सांत्वन म्हणून सांगितलं असेल, तेही असेल.

पुढं मी फॉर्मवर मारायला शिक्का करून घेतला: "आधी डेक्स्ट्रान दिले आहे काय?" बहुतेक वेळा तो रकाना कोराच यायचा.