जुळलेला ताळेबंद

बेळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीचं वार्षिक लेखापरीक्षण माझ्याकडे होतं. ताळेबंद पैशापर्यंत जुळलेला, बँकेचा ताळमेळ स्वच्छ, उत्पन्न-खर्च पत्रकात वाढावा. "साहेब, सगळं जुळलंय की!" अकौंटंट म्हणाले. जुळलं होतं खरंच.

डीसीबी, म्हणजे मागणी-वसुली-बाकीची वही, खतावणीशेजारी ठेवली तेव्हा गाठ सापडली. डीसीबीत घरपट्टीची वसुली १०० रुपये धरली, तर खतावणीत घरपट्टीचं उत्पन्न १२४ च्या आसपास. वरचे २४ उपकराचे : आरोग्य १५, ग्रंथालय ६, भिक्षेकरी निवारण ३. हा पैसा नगरपंचायतीचा नसतोच. गोळा करून पुढं भरायचा असतो, म्हणून तो देण्यांत दिसायला हवा. इथं 'उपकर देय' खात्याची आरंभीची आणि अखेरची शिल्लक एकच, मध्ये वर्षभर एक नोंद नाही. आणि रक्कम देण्यात धरा की उत्पन्नात, जमेची बाजू तीच. ताळेबंद जुळणारच! तेवढ्यावर निर्धास्त होणारे अधिकारी फार आहेत.

झालं होतं असं : बँकेच्या स्क्रोलवर, म्हणजे भरण्याच्या यादीवर, फक्त एकूण रक्कम येते, उपकराची फोड असते चलनावर. हिशेब लिहायला नेमलेल्या बाहेरच्या फर्मचा ऑपरेटर स्क्रोलवरून नोंदी टाकतो. चलनांचे गठ्ठे सुटलेलेच नव्हते. या कामाची फी घेऊन चलन न बघणं मला अक्षम्य वाटतं.

एकूण रकमेला १२४ नं भागून २४ नं गुणलं की झालं, असं सुचवण्यात आलं. तसं होत नाही. एप्रिलमध्ये भरणाऱ्याला ५ टक्के सूट, जूननंतर दरमहा २ टक्के दंड, त्यात घनकचऱ्याचं शुल्कही त्याच चलनात. म्हणजे वॉर्डवार एकेक चलन काढून चार रकाने भरायचे. यात खरी मदत झाली बिल कलेक्टरांची. कुठल्या महिन्याचा गठ्ठा कुठल्या कपाटात आहे, हे ऑफिसात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

दुरुस्ती दोन जागी. चालू वर्षाची रक्कम घरपट्टीच्या उत्पन्नाला नावे, उपकर देयला जमा. मागच्या वर्षांची मात्र चालू उत्पन्नातून काढायची नाही; ती नगरपालिका निधीला, म्हणजे मागचे वाढावे साठत जातात त्या खात्याला, नावे टाकायची. चालू वर्षाची नोंद फिरवताच वाढाव्याच्या जागी तूट आली. फुगलेल्या उत्पन्नावर अनुसूचित जाती-जमातींसाठीची २४.१० टक्क्यांची तरतूदही बेतलेली होती, तीही कागदावर चुकली. आणि उपकराचा पैसा पथदिव्यांच्या बिलांत, पगारांत कधीच गेलेला. गावच्या ग्रंथालयात कन्नड आणि मराठी पेपरांसाठी म्हातारी माणसं सकाळपासून येऊन बसतात, त्यांच्या वाट्याचा तो पैसा.

चीफ ऑफिसर म्हणाले, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. मी सशर्त अभिप्राय दिला, म्हणजे ही चूक वगळून हिशेब बरोबर. चालू वर्षाचा आकडा त्यात आहे. जुन्या वर्षांची चलनं ओल लागून चिकटली आहेत, म्हणून तिथं 'रक्कम निश्चित करता आली नाही' असं लिहावं लागलं. डीसीबीवरून अंदाजी आकडा तरी टाकायला हवा होता का, हे अजून माझ्या मनात सुटलेलं नाही. अहवालातल्या आकडा नसलेल्या परिच्छेदावर वसुलीचं पत्र कुणी काढत नाही.